हीट प्रेस घेताना: मशीन कुणाचं, हात कुणाचे

(टी-शर्टवरच्या छपाईचं काम सुरू करू पाहणाऱ्या बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मला विषय दिलाय हीट प्रेसचा. म्हणजे टी-शर्टवर नाव, चित्र, घोषणा उष्णतेनं आणि दाबानं चिकटवायचं मशीन. बायकांच्या हक्कांच्या बैठकीत मशीनवर भाषण कशाला, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. आपण कर्जावर बोलतो, मालमत्तेवर बोलतो, घरातल्या न मोजलेल्या श्रमांवर बोलतो. पण गटानं कर्ज काढून एखादी वस्तू घ्यायची वेळ आली, की ती निवडतो दुकानदार. नाहीतर कुणाचा तरी दीर, कुणाचा तरी भाचा, "त्याला मशीनमधलं कळतं" म्हणून. कर्जाच्या कागदावर सह्या दहा बायकांच्या, आणि मशीन मात्र एका पुरुषानं दहा मिनिटांत पसंत केलेलं. हे मी गावोगावी पाहिलंय. दुकानात आपण दोघी-तिघी गेलो तरी पहिला प्रश्न येतो, "मिस्टर नाही आले बरोबर?" म्हणून आज हे मशीन आपण नीट समजून घेऊ. त्यात अवघड काही नाही.

हीट प्रेस तीनच गोष्टी करतो. उष्णता देतो, दाब देतो, आणि ठरलेल्या वेळाला घंटी वाजवतो. वरची प्लेट तापते, खालच्या प्लेटवर रबराची गादी असते, मधे कापड. एवढंच. मग घरची इस्त्री का चालत नाही, असं मला नेहमी विचारतात. इस्त्री लहान, तिला वाफेची भोकं, आणि हाताचा दाब कधी जास्त, कधी कमी. तव्याचं जसं असतं ना, मधे भाकरी करपते आणि कडेला कच्ची राहते, तसं चित्राचं होतं. दोन धुण्यांत कोपरा सुटतो आणि गिऱ्हाईक शर्ट घेऊन परत दारात. हीट प्रेसकडून आपल्याला हवं ते हेच: सगळीकडे सारखी उष्णता आणि सारखा दाब. बाकी दिवे, रंग, चकाकी, "एट इन वन" सगळं नंतर.

पण मशीनच्या आधी एक प्रश्न आहे. तुम्ही छापणार कशावर? आणि कुणासाठी?

आपल्याकडे या कामाचं गिऱ्हाईक कोण असतं ते आठवा. गणपतीची मंडळं, दहीहंडीची पथकं (आता मुलींचीही असतात), १४ एप्रिलच्या मिरवणुकीतले गट, शाळेचे क्रीडा दिवस, कबड्डीचे संघ, आणि ८ मार्चच्या आसपास आपणच. मंडळाचा शर्ट बहुतेक सुती. खेळाडूंची जर्सी पॉलिएस्टरची. हा फरक मशीनवाला तुम्हाला सांगत नाही, पण सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. छपाईची एक पद्धत आहे सब्लिमेशनची. तिच्यात शाई तापली की तिची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते. हाताला काही लागत नाही, धुतलं तरी जात नाही. पण ती धरते फक्त पॉलिएस्टरला, आणि तेही पांढऱ्या नाहीतर फिक्या रंगाच्या. सुती शर्टावर ती पहिल्या धुण्यातच फिकी पडते. तिला साधारण १९० ते २०० अंश उष्णता आणि पाऊण ते एक मिनिट वेळ लागतो. दुसरी पद्धत फिल्मची, जिला बाजारात डीटीएफ म्हणतात. चित्र फिल्मवर छापलेलं असतं, त्याच्या मागे डिंकासारखी पावडर वितळवून घेतलेली असते. ती सुतीवर, काळ्या शर्टावर, कशावरही चिकटते. तिला १५० ते १६० अंश आणि दहा-पंधरा सेकंद पुरतात. तिसरी व्हिनाइलची. नाव आणि नंबर कापून चिकटवायला चांगली, पण बारीक अक्षरं सोलत बसायला फार वेळ जातो. त्या सोलण्याचे पैसे कुणी देत नाही, आणि ते काम कुणाच्या वाट्याला येतं ते तुम्हाला सांगायला नको.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला फिल्मचा प्रिंटर घेऊच नका. त्याची पांढरी शाई तळाला बसते, मशीन चार दिवस बंद राहिलं की नळ्या आणि हेड तुंबतात. गावातली ऑर्डर हंगामी, मधले दोन महिने रिकामे. शहरातून छापलेली फिल्म मीटरवर विकत मिळते. चित्र पाठवा, फिल्म मागवा, इथे फक्त दाबा. आणि एकाच चित्राचे, एकाच रंगाचे दोनशे शर्ट असतील तर हीट प्रेसच्या भानगडीतही पडू नका, जाळीवरची स्क्रीन छपाई स्वस्त पडते. मोर्चांचे फलक आणि पोस्टर आपल्या संघटनांनी वर्षानुवर्षं तशीच काढली. हीट प्रेस कामाला येतो तो थोड्या संख्येला, अनेक रंगांना, आणि प्रत्येक शर्टावर वेगळं नाव हवं असतं तेव्हा.

आता मशीनचे प्रकार. तीन आहेत आणि तिन्हींचा संबंध आपल्या शरीराशी आहे. पहिलं शिंपल्यासारखं उघडतं, मागे बिजागरी आणि पुढून जबडा. जागा कमी लागते, किंमत कमी, म्हणून तेच जास्त खपतं. पण जबडा पूर्ण उघडत नाही. तुम्ही शर्ट नीट लावत असता तेव्हा तापलेली प्लेट तुमच्या मनगटाच्या वर तिरकी उभी असते. घाईच्या दिवशी, पन्नासावा शर्ट लावताना, हाताचा मागचा भाग भाजतोच. शिवाय जाड कापड असलं की बिजागरीकडे दाब जास्त आणि पुढे कमी पडतो. दुसऱ्या प्रकारात वरची प्लेट उचलून बाजूला फिरवता येते. शर्ट मोकळ्या हातानं लावता येतो, दाबही सरळ येतो. मात्र ती गरम प्लेट बाजूला फिरते तिथे कुणी नसावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे मूल रांगतंय आणि सासूबाई दारात बसल्यात, तिथे ती धोक्याची. तिसऱ्यात खालची प्लेट टेबलाच्या खणासारखी पुढे ओढता येते. शर्ट लावायला सगळ्यात सोपा तोच प्रकार, पण महाग.

म्हणून मी सांगते, मशीन बघायला जाण्याआधी जागा मोजा. टेप घेऊन मोजा. मशीन घरात राहणार की गटाच्या खोलीत? घरात असेल तर कुणाच्या घरात? तिथे बाकीच्या नऊजणींना कधीही जाता येईल का? रात्री आठनंतर? हे प्रश्न मशीनच्या किमतीपेक्षा जास्त भांडणं लावतात. शक्य असेल तर समाजमंदिराची, शाळेची, कुणाचीही, पण चार भिंतींची वेगळी खोली बघा. समोरासमोर खिडक्या असतील तर फार बरं, कारण सब्लिमेशनचा आणि वितळणाऱ्या डिंकाचा धूर डोळ्यांना आणि घशाला चुरचुरतो.

प्लेटच्या मापाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे बायकांची सरळ फसवणूक होते. सगळ्यात खपणारं माप १५ बाय १५ इंच. दुकानदार म्हणतो, यात ए-थ्री बसतो. ए-थ्री कागदाची लांबी साडेसोळा इंच आहे. तो बसत नाही. दोनदा दाबावं लागतं आणि मधे जोडाची रेघ दिसते. ए-फोर, म्हणजे छातीवरचं नेहमीचं चित्र किंवा पाठीवरची घोषणा, त्याला १५ बाय १५ पुरेसं. मोठी चित्रं करायची तर १६ बाय २० किंवा १६ बाय २४ हवं. मग मोठंच घ्यावं का? तिथे हिशेब करा. १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस इंच. १६ बाय २४ म्हणजे ३८४. क्षेत्र जवळपास पावणेदोन पट. तेवढाच दाब सगळीकडे पोचवायचा तर दांड्यावर जोरही त्या प्रमाणात जास्त लागणार. दिवसात शंभर शर्ट म्हणजे दांडा किमान दोनशे वेळा खाली, कारण प्रत्येक शर्ट दोनदा तरी दाबावा लागतो. खांदा कुणाचा जाणार? दुकानात तो दांडा विक्रेता दाबून दाखवतो. त्याला थांबवा. गटातली जी सगळ्यात बारीक, जिचा खांदा आधीच पाणी भरून दुखतोय, तिला दाबायला लावा. एकदा नाही, वीस वेळा. ती वीस वेळा दाबू शकली तर ते मशीन तुमचं. आणि टेबल ठरवताना दांडा खाली आल्यावर कंबरेच्या आसपास राहील असं बघा, खांद्यावरून नाही, अंगाच्या वजनानं दाबता आलं पाहिजे.

वेळ संपली की आपोआप उघडणारी मशीनं मिळतात. थोडे पैसे जास्त. मला विचाराल तर तेवढा एकच ज्यादा खर्च करण्यासारखा आहे. बाई एका वेळी एकच काम करत नाही. घंटी वाजते तेव्हा तिकडे दूध उतू जात असतं, पोर रडत असतं, दारात भाजीवाली असते. साध्या मशीनमध्ये शर्ट तसाच भाजत राहतो. पुरुषाच्या कारखान्यासाठी बनवलेल्या मशीनला हे माहीत नसतं.

वीज. १५ बाय १५ च्या मशीनवर साधारण १४०० ते २००० वॅट लिहिलेलं असतं. १८०० धरा. २३० व्होल्टवर ते आठ अँपिअरच्या आसपास ओढतं. घरातलं पंख्याचं, मोबाइलचं साधं सॉकेट सहा अँपिअरचं. त्यात घातलं तर सॉकेट काळं पडतं, वास येतो, मग आग. १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर आणि चालू अर्थिंग पाहिजे. मशीन सगळं लोखंडाचं आहे, बाईचे हात घामानं ओले, पायात चप्पल नाही. वायरमनला अर्थिंग तपासून द्यायला लावा आणि ते झाल्याशिवाय पहिला शर्ट दाबू नका. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. युनिटचा हिशेब सोपा आहे. १८०० वॅटचं मशीन तासभर अखंड चालू राहिलं तर जास्तीत जास्त १.८ युनिट. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण तापलं की ते स्वतः बंद-चालू होत राहतं.

पण खेड्यात खरा त्रास कमी व्होल्टेजचा. संध्याकाळी २३० च्या जागी १८० येतं. आपल्याला वाटतं थोडंच कमी झालं. तसं नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टला मशीन पूर्ण ताकदीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच तापू शकतं. एक शर्ट दाबला की प्लेट थंड होते, ती परत वर यायला वेळ लागतो, आणि घाईत आपण आकडा न बघता पुढचा दाबतो. तोच शर्ट महिन्याभरानं तक्रार होऊन परत येतो. म्हणजे ऑर्डरचं काम दुपारचं, किंवा ज्या वेळी तुमच्या गावात वीज धड असते त्या वेळचं. ही वेळ आणि विहिरीवरची, रेशनची, शाळेची वेळ जुळते का, हेही गटानं बसून बघायचं.

आता पैसे देण्याआधीची परीक्षा. हे लिहून घ्या. दुकानात मशीन अर्धा तास तरी तापवायला लावा. "गरम होतं हो ताई" यावर उठू नका. प्लेट थंड असतानाच कागदाचे चार सारखे तुकडे चार कोपऱ्यांत ठेवायचे, थोडे बाहेर ठेवून मशीन बंद करायचं आणि एकेक ओढून बघायचा. एक कोपरा सहज सुटला आणि बाकीचे अडकले तर दाब वाकडा आहे. मधोमधही एक लांब पट्टी ठेवून बघा. ही परीक्षा फुकट आहे आणि दहा हजारांचं मशीन असो की लाखाचं, तिला उत्तर द्यावंच लागतं. मग उष्णता. मशीनवरचा आकडा प्लेटच्या एका जागचा असतो. कडा त्याहून थंड असू शकतात. बंदुकीसारखं थर्मामीटर कुणाकडे असेल तर नऊ जागी मोजा, मात्र चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवतं, म्हणून काळ्या टेफ्लॉनच्या लेपावर किंवा टेफ्लॉनच्या कागदावर मोजा. थर्मामीटर नसेल तर पूर्ण काळ्या रंगाचं सब्लिमेशनचं एक पान छापून घ्या आणि पांढऱ्या पॉलिएस्टरच्या तुकड्यावर दाबा. जिथे काळं कमी उतरलं, तपकिरी दिसलं, तिथे प्लेट थंड. कापडच सगळं सांगतं.

शेवटी एक खरा शर्ट दाबून घरी न्या. एक दिवस थांबा, मग उलटा करून पाच वेळा धुवा. दुकानदार घाई करेल, "आजच्याच दिवस ऑफर आहे" म्हणेल. म्हणू दे.

जुनं मशीन मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. वायरचं आवरण कडक होऊन तडकलंय का, दांडा वर राहतो की हळूहळू खाली येतो, एवढं बघा. उष्णता देणारी तार बहुतेक मशीनमध्ये प्लेटमध्येच ओतलेली असते. ती गेली की अख्खी प्लेट बदलावी लागते. म्हणून नवं घ्या की जुनं, दोन गोष्टी लेखी विचारा: प्लेट आणि आकडे दाखवणारा कंट्रोलर वेगळा मिळतो का, आणि दुरुस्तीला माणूस इथे येतो की मशीन शहरात न्यायचं? टेम्पोचं भाडं कोण देणार?

आणि ते मग, टोपी, बशी छापायचे जोड? मग आणि बशीवरची सब्लिमेशनची छपाई पॉलिएस्टरचा लेप असलेल्या वस्तूंवरच चालते. दर वेळी प्लेट काढा, दुसरी लावा, वायर बदला. शर्टाची चांगली प्लेट आणि बाकी काही नाही, हेच बरं. नंतर टोप्यांची ऑर्डर आली तर तेव्हा बघू.

कर्जाबद्दल दोनच शब्द. २०१५ साली मुद्रा योजना सुरू झाली. तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. आपल्या कामाची सुरुवात त्यात बसवता येते. पण कर्ज घेण्याआधी हंगाम कागदावर मांडा. ऑर्डर येते गणपतीला, एप्रिलात, शाळांच्या खेळांना. हप्ता येतो दर महिन्याला, आणि खाजगी वित्त कंपनीचा असेल तर काही ठिकाणी दर आठवड्याला. रिकाम्या महिन्यातला हप्ता कुठून भरणार हे आधी ठरलं नाही तर तो एखादीच्या मंगळसूत्रातून भरला जातो.

दराचाही हिशेब करू. विक्रेता म्हणतो, पंधरा सेकंदांत शर्ट तयार. खरं काय होतं? आधी पाच सेकंद नुसता शर्ट दाबून ओल काढायची, पावसाळ्यात तर नक्कीच. मग फिल्म मधोमध लावायला अर्धा मिनिट. मग पंधरा सेकंद. मग बऱ्याच फिल्म थंड होऊ द्याव्या लागतात. सोलायची. बटर पेपर ठेवून परत दहा सेकंद. घडी. दोघी मिळून तासाला तीस शर्ट झाले तर काम चांगलं चाललं म्हणा. शंभर शर्टांना साधारण साडेतीन तास, माप वेगळी काढणं आणि बांधणं धरून चार. दोघींचे मिळून आठ तास, म्हणजे एका बाईची एका दिवसाची पूर्ण मजुरी. ती तुमच्या दरात आहे का? मी जे दर बघते त्यात शर्ट असतो, फिल्म असते, कधी वीजही असते. मजुरी नसते. "घरातल्या घरात होतं ना!" आणि कोऱ्या शर्टाच्या स्वस्ताईबद्दलही एकदा गटात बोला. त्यातले पुष्कळ तिरुपूरहून येतात. तामिळनाडूच्या काही सूतगिरण्यांमध्ये लग्नाच्या रकमेचं आमिष दाखवून मुलींना वर्षानुवर्षं वसतिगृहात कोंडून राबवणाऱ्या "सुमंगली" पद्धतीवर २०११ साली अहवाल निघाले होते. आपल्या घोषणेखालचं सूत कुणी कातलं, हा प्रश्न आपल्यालाही आहे.

राहिलं एक. मशीन आलं की ते चालवणार कोण? यंत्रमागाच्या गावांत, इचलकरंजीत, भिवंडीत, बहुतेक माग पुरुषाच्या हातात आणि कांड्या भरायला बाई. मुंबईच्या गिरण्यांत रिळिंग-वाइंडिंगच्या खात्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. नवी यंत्रं आली तेव्हा कामावरून आधी कमी झाल्या त्याच. गटाच्या हीट प्रेसचंही तसं होऊ शकतं: मुलगा "ऑपरेटर", आणि आई, काकी, वहिनी फिल्म सोलायला, घड्या घालायला. म्हणून बिल गटाच्या नावानं. वॉरंटीचं कार्ड गटाच्या फायलीत. विक्रेत्याचा फोन नंबर निदान तिघींकडे. आणि पहिल्या दिवशी दुकानाचा माणूस मशीन लावायला येईल तेव्हा शिकायला पाचजणी तरी उभ्या पाहिजेत. फ्यूज कुठे आहे, आकडा कसा बदलतो, दाबाचा स्क्रू कुठे फिरवायचा, हे प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं करून बघायचं. शेजारी एक वही बांधून ठेवा: तारीख, कापड, अंश, सेकंद, किती शर्ट, कुणी दाबले. मजुरीचा वाद निघाला की तीच वही कामाला येते.

प्रश्न पुष्कळ असतील. पण मागच्या टेबलावर एक मशीन ठेवलंय, अजून थंड आहे, तोवर कागदाची परीक्षा करून घेऊ. चार-चारजणींचे गट करा, आणि दांडा पहिल्यांदा तिनं दाबायचा जिनं आजवर एकाही मशीनला हात लावलेला नाही.